आधी पाय, मग पावा: सोळाव्या शतकातलं दरबारी नृत्य जिवंत वाद्यांवर कसं उभं करावं

पहिल्या तालमीला वाद्यं आणू नका. जे नाचणार आहेत आणि जे वाजवणार आहेत, त्या सगळ्यांनी चपला काढून जोडीजोडीने उभं राहायचं आणि नुसतं चालायचं. डावा पाय पुढे, उजवा जवळ. उजवा पुढे, डावा जवळ. मग डावा, उजवा, डावा आणि चौथ्याला उजवा जवळ. आठ ठोके झाले. पुढचे आठ हेच, फक्त उजव्या पायाने सुरुवात करून. एवढं जमलं की तुम्हाला पावान हा संथ नाच आला. सोळाव्या शतकात फ्रान्स, इटली, फ्लँडर्स इथल्या दरबारांत समारंभाची सुरुवात या चालीने व्हायची. भरजरी झगे घातलेले सरदार आणि त्यांच्या बायका दालनाला फेरी घालत स्वतःला दाखवून घ्यायच्या. लग्नाच्या वरातीतही हीच चाल वाजायची.

मी मूळची मिरजेची. गेली एकोणीस वर्षं बेल्जियममध्ये मेखेलनला राहते. या गावात 1507 पासून 1530 पर्यंत सम्राट पाचव्या चार्ल्सची आत्या मार्गारेट ऑफ ऑस्ट्रिया राहायची आणि इथूनच तेव्हाच्या नेदरलँड्सचा कारभार पाहायची. तिचा वाडा अजून उभा आहे. माझ्या घरून सायकलने सात मिनिटं लागतात. आमचा गट हौशी आहे: चार जोड्या आणि पाच वादक. वर्षाला तीन किंवा चार प्रयोग होतात. मी आधी चार वर्षं नाचले, नंतर पावा आणि ताबोर हा छोटा ढोल वाजवायला लागले. या क्रमाचा मला जितका उपयोग झाला तितका कोणत्याही शिबिराचा झाला नाही. म्हणून हे लिहिताना मी एकच आग्रह धरणार आहे: लय वादकांनी ठरवायची नाही, ती नाचणाऱ्याच्या पायातून घ्यायची. आणि त्यासाठी प्रत्येक वादकाला निदान पावान, गायार्द (उड्यांचा नाच) आणि दोन ब्रांल (हात धरून करायचे साखळीनाच) स्वतः नाचता आले पाहिजेत. वाईट नाचले तरी चालेल, पण नाचले पाहिजेत.

कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करायची

नवख्यांनी त्वानो आर्बोपासूनच सुरुवात करावी. हे टोपणनाव. माणूस खरा जहां ताबुरो, फ्रान्समधल्या लांग्र गावच्या कॅथीड्रलमधला धर्मगुरू. नावातली अक्षरं उलटसुलट करून त्याने टोपणनाव तयार केलं होतं. 1589 च्या सुमारास, सत्तरीला टेकलेला असताना, त्याचं 'ऑर्केसोग्राफी' छापून आलं. पुस्तक संवादाच्या रूपात आहे: कॅप्रिओल नावाचा तरुण विचारतो आणि आर्बो शिकवतो. यातली मोठी सोय अशी, की सुरांची ओळ त्याने उभी छापली आहे आणि प्रत्येक सुरासमोर त्या वेळी कोणता पाय कुठे जातो ते लिहिलं आहे. आडवं वाचलं की सूर आणि पाऊल एकदम समजतात. त्या काळातल्या बाकीच्या पुस्तकांत पावलांचं वर्णन एकीकडे आणि संगीत दुसरीकडे असतं. तिथे दोन्हींची सांगड घालण्यात महिनेच्या महिने जातात.

कॅप्रिओलला तो असंही सांगतो, की डोकं आणि अंग ताठ ठेव, पाय बरोबर पडतायत का म्हणून खाली बघू नकोस, थुंकणं आणि नाक शिंकरणं कमी ठेव. खाली न बघण्याचा सल्ला आमच्या तालमीच्या खोलीत आम्ही मोठ्या अक्षरांत लावला आहे.

इटालियन पुस्तकं, म्हणजे फाब्रित्सिओ कारोजोची 1581 आणि 1600 ची दोन आणि चेझारे नेग्रीचं 1602 चं, फार सुंदर आहेत. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. त्यांतले नाच एकेका जोडीसाठी घडवलेले, लांब, आणि पावलांची नावंच इतकी की त्यांचा वेगळा अभ्यास करावा लागतो. शिवाय दोन परंपरा एकाच प्रयोगात मिसळल्या की गोंधळ सुरू होतो. साधा सुरुवातीचा नमस्कार घ्या. आर्बो म्हणतो, डावा पाय जमिनीवर घट्ट ठेवा, उजवा गुडघा वाकवून उजवा चवडा जरा मागे न्या आणि टोपी काढा. कारोजो मात्र डाव्या पायाने नमस्कार करायला लावतो. आठ माणसांत तिघांनी एक पाय आणि पाच जणांनी दुसरा मागे नेला, तर पुढचं सगळं कितीही सुबक झालं तरी प्रेक्षकांच्या डोळ्यांत तेवढंच राहतं. एका प्रयोगासाठी एकच पुस्तक धरा.

आणखी एक पुस्तक आहे, त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ब्रसेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 9085 क्रमांकाचं एक हस्तलिखित आहे. चर्मपत्र काळं रंगवलेलं आणि त्यावर सोन्या-चांदीच्या शाईने सूर आणि अक्षरं. ते मार्गारेटच्या संग्रहात होतं. त्यात पंधराव्या शतकातले बास दांस आहेत. हे जमिनीलगत, न उडता करायचे संथ नाच. प्रत्येक सुराखाली फक्त एकेक अक्षर: मोठा आर म्हणजे नमस्कार, बी म्हणजे ब्रांल (इथे नाच नव्हे, एक हालचाल), डी म्हणजे डबल (तीन पावलं), दोन एस म्हणजे एका सुरात बसवलेले दोन सिंपल (एकेक पाऊल), छोटा आर म्हणजे मागे जाणारं एक पाऊल. बस्स. हात कुठे, नजर कुठे, अंग किती झुकवायचं, काही नाही. वादकांनाही एकच लांबलांब सुरांची ओळ दिलेली असते, वरच्या ओळी त्यांनी जागच्या जागी रचायच्या. ज्यांना वाजवताना उपज करण्याची सवय नाही त्यांनी पहिल्या वर्षी याच्या वाटेला जाऊ नये. पण त्या पानांची छायाचित्रं मिळवून भिंतीवर जरूर लावा. आपण काय करायला निघालोय ते रोज समोर राहतं.

कार्यक्रम किती मोठा ठेवायचा

पस्तीस मिनिटं पुरे. एक पावान, त्याच सुरावटीवरची गायार्द, मधे फक्त वाद्यांचे दोन तुकडे (नाचणाऱ्यांना दम घ्यायला), मग तीन-चार ब्रांल, आणि शेवटच्या ब्रांलमध्ये प्रेक्षक. पहिल्या प्रयोगासाठी आठवड्याला दोन तास धरून चार महिने तालीम हवी. वोल्टा करू नका. त्यात पुरुष बाईला मांडीच्या आधाराने उचलून गरकन फिरवतो. चित्रांत तो नाच मोहक दिसतो, पण पाठ आणि गुडघे तयार नसताना तो करणं धोक्याचं आहे. खुद्द आर्बोलाही तो फारसा पसंत नव्हता.

संगीत कुठून घ्यायचं

आम्ही बहुतेक सगळं टिलमन सुसाटोच्या संग्रहातून घेतो. तो अँटवर्पचा, आमच्यापासून रेल्वेने जेमतेम अर्धा तास. तुतारी वाजवायचा, हस्तलिखितं उतरवायचा आणि 1543 पासून संगीत छापायचा. 1551 साली त्याने नाचांच्या चालींचं एक छोटं पुस्तक छापलं: चार आवाजांत बांधलेल्या पावान, गायार्द, आलमांद, ब्रांल, रोंद. कोणत्याही वाद्यावर वाजवता येतील असं त्याने मुखपृष्ठावरच लिहिलंय. म्हणजे कुठलं वाद्य कुठल्या ओळीला, हे ठरवायचं काम आपलं. (त्या काळी याच अँटवर्पच्या बाजारात लिस्बनमार्गे आपल्याकडची मिरी यायची. ज्यांच्या मेजवानीत ती वाढली जायची त्यांच्याच दालनात या चाली वाजत असतील, हा विचार मला वाजवताना अनेकदा सोबत करतो.)

सुरांची पानं आजच्या पद्धतीने, चारही ओळी एकाखाली एक अशी छापलेली सहज मिळतात. ती तालमीच्या पहिल्या महिन्यासाठी ठीक. नंतर प्रत्येकाला फक्त आपापली ओळ द्या, आणि तीही मूळ पुस्तकातल्यासारखी, मात्रांच्या उभ्या रेघा नसलेली. रेघ दिसली की हात नकळत तिथे जोर देतो. रेघ गेली की माणूस शेजाऱ्याचं ऐकायला लागतो. आमच्याकडे पहिल्या दोन तालमींत सगळे चुकले, तिसऱ्या तालमीत सुरांची वाक्यं दिसायला लागली.

वाद्यांचे तेव्हा दोन घराणे मानायचे, मोठ्या आवाजाचे आणि मृदू आवाजाचे. मोठ्यांत शॉम, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं दुहेरी पत्तीचं वाद्य, आणि सॅकबट, म्हणजे नळी आत-बाहेर सरकवून वाजवायचं पितळी वाद्य. मृदूत रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून वाजवायची बासरी, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं व्हायोल, आणि लूट, म्हणजे बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. चौकात, अंगणात, मिरवणुकीत मोठी वाद्यं, दालनात मृदू. दोन्ही एकत्र करू नका. लूटचा आवाज शॉमखाली पुरता बुडतो आणि लूटवाला नाराज होऊन घरी जातो. मोठ्या वाद्यांचा खुल्या जागेतला दणका ऐकायचा असेल, तर उन्हाळ्यात ब्रसेल्सच्या ग्राँ प्लास चौकात होणारा ओमेगांग पाहा. 1549 साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या स्वागताला निघालेल्या मिरवणुकीची ती आठवण आहे.

पैसे कमी असतील तर एकाच माणसाची वाद्यमंडळी उभी करता येते. डाव्या हातात तीन भोकांचा पावा, त्याच हाताला टांगलेला ताबोर नावाचा छोटा ढोल, उजव्या हातात काठी. दोन भोकं पुढे, एक मागे अंगठ्यासाठी. फुंकीचा जोर वाढवत नेलं की तेवढ्यातच पूर्ण सप्तक निघतं. आर्बोने हे वाद्य नीट समजावून दिलंय, आणि हल्ली साध्या मजुरालाही लग्नात शॉम आणि सॅकबट हवे असतात, अशी कुरकुरही केली आहे. मी हेच वाजवते. बोटं बसायला सहा महिने लागले. काठीच्या हाताने पाव्याची लय सोडून स्वतःची लय धरायला आणखी एक वर्ष.

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात कोणाला हे करून बघायचं असेल तर चार प्लास्टिकचे रेकॉर्डर घ्या: सोप्रानो, आल्टो, टेनर आणि जमला तर बास. चांगल्या कंपनीचे प्लास्टिकचे रेकॉर्डर सुराला पक्के असतात, दमट हवेत फुगत नाहीत. गोव्यात पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे वादक घरोघर सापडतील. तालाला दिमडी काठीने वाजवली तरी भागतं. तबला मात्र घेऊ नका. त्याला स्वतःचा सूर आहे, तो चार आवाजांत पाचवा होऊन बसतो.

सूर लावणं

या भागात मिरजकर असण्याचा मला थेट फायदा झाला. व्हायोल आणि लूट यांचे पडदे तातेचे असतात, दांड्याभोवती गाठ मारून बांधलेले, आणि सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येतात. आमच्या व्हायोलवाल्या बाई पडदा सरकवायला घाबरायच्या, गाठ सुटेल म्हणून. लहानपणी सतारमेकर गल्लीत बसून मी पडदे बांधताना तासन्‌तास पाहिलं होतं. त्यांच्या वाद्याचा तिसरा पडदा मी अंगठ्याने जरा घोड्याकडे सरकवला, आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की वाद्य खोटं नव्हतं, पडदा खोटा होता.

त्या काळच्या सुरावटीत गंधार शुद्ध हवा. तंबोरा नीट जुळला की न छेडलेला जो गंधार आपोआप ऐकू येतो, तोच. आजच्या पियानोचा गंधार त्याहून चढा असतो. मोबाइलवरच्या सूर लावायच्या अ‍ॅपमध्ये 'क्वार्टर कॉमा मीनटोन' असा पर्याय बहुधा असतो, तो निवडा. पंचम किंचित उतरे लागतील, त्यांची काळजी करू नका. गंधार जुळला की पावानच्या शेवटच्या सुराला जी शांतता उतरते ती नाचणाऱ्यांच्या खांद्यांतही दिसते.

दुसरी गोष्ट पट्टीची. साध्या रेकॉर्डरची पट्टी 440 ची, म्हणजे 'ए' हा सूर सेकंदाला 440 कंपनांचा. जुन्या नमुन्यांवरून केलेले शॉम आणि सॅकबट पुष्कळदा 466 ला असतात, म्हणजे अर्धा सूर वर. काही मंडळी 415 वर वाजवतात, म्हणजे अर्धा सूर खाली. पाहुणा वादक बोलावताना त्याचं वाद्य कोणत्या पट्टीचं आहे हा पहिला प्रश्न विचारा. आम्ही एकदा विचारला नाही, आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी दोघांना आपापल्या ओळी अर्धा सूर उतरवून हाताने लिहून काढाव्या लागल्या.

तातेच्या तारा हवेतल्या ओलाव्याने उतरतात-चढतात. प्रयोगाच्या जागी अर्धा तास आधी वाद्यं पेटीबाहेर काढून ठेवा आणि शेवटचं जुळवणं प्रेक्षक येण्याआधी संपवा.

गायार्द, आणि पाचवा ठोका

आता खरी मेहनत. गायार्दला पाच पावलांचा नाच म्हणतात, पण तो सहा ठोक्यांत बसतो. पहिले चार ठोके चार लाथा: डावी, उजवी, डावी, उजवी. लाथेत एका पायावर उभं राहून दुसरा पुढे उचललेला असतो. पाचव्या ठोक्याला उंच उडी. सहाव्याला दोन्ही पायांवर, डावा पुढे ठेवून, उतरायचं. पुढची सहा उजव्या लाथेने सुरू.

लोक पहिल्या दिवशी उडीवर जोर देतात. मी आधी सहावा ठोका शिकवते. नुसतं उभं राहून छोटी उडी मारायची आणि आवाज न करता उतरायचं: आधी चवडा, मग टाच, गुडघे सैल. लाकडी जमिनीवर धप्प आवाज आला की पुन्हा. वीस मिनिटं एवढंच. मग चार लाथा, गुडघ्यापासून, घोट्याच्या उंचीच्या. मोठ्या लाथा नंतर. चार आणि दोन जोडायला तिसरी तालीम उजाडते.

आमचा सॅकबटवाला उत्तम वाजवतो. पण त्याच्या वाजवण्यावर गायार्द नाचताना सगळ्यांचे पाय जड व्हायचे. लय बरोबर, सूर बरोबर, तरी जड. त्याला आम्ही सॅकबट खाली ठेवायला लावलं आणि तीन तालमी नाचायला उभं केलं. उंच, पन्नाशीचा माणूस. तिसऱ्या दिवशी चार लाथा मारून तो उडाला आणि उतरल्यावर तिथेच थांबून म्हणाला, अरे, पाचव्याला तर मी हवेत आहे. मग आम्ही सगळे सुरांचं पान घेऊन बसलो. गायार्दच्या चालीत चौथा सूर लांबवलेला असतो, तो पाचव्या ठोक्यावरून पुढे जातो आणि सहाव्याच्या जरा आधी एक छोटा सूर येतो. पाचव्या ठोक्यावर नवा सूर नाहीच. तो मात्र मोजायच्या सवयीने पाचव्याला फुंकीतून एक हलका धक्का देत होता, आणि हवेत असलेल्या माणसाला तो धक्का खाली ओढत होता. त्या दिवसापासून तो चौथा सूर भरून वाजवतो आणि पाचव्यावर सोडून देतो. नाच कसा झाला सांगते: मी ताबोर वाजवत होते, आणि आठ माणसं एकदम उडाली तरी मला उतरल्याचा आवाज ऐकू आला नाही.

माझ्या काठीचंही तेच. पावानमध्ये आर्बोचा ठेका एकच: एक लांब, दोन आखूड, लांब, आखूड आखूड. शेवटपर्यंत तेच. त्यात भर घालायचा मोह फार होतो, विशेषतः आपल्याकडे तालाची इतकी श्रीमंती ऐकून मोठं झालेल्याला. भर घालू नका. गायार्दमध्ये पहिल्या चारांवर हलकी काठी, पाचव्याला हात वर, सहाव्याला एक स्पष्ट ठोका. वरच्या आवाजाच्या रेकॉर्डरवाल्याने पुनरावृत्तीत सूर नटवावेत, त्या काळी नटवायचेच. दिएगो ओर्तिझने 1553 साली ते कसं करायचं यावर आख्खं पुस्तक काढलं होतं. पण तान कितीही घेतली तरी समेवर यायचं, हा नियम तिथेही लागू आहे. समेवर एक माणूस दोन्ही पायांवर उतरतोय हे डोळ्यांनी दिसत असलं की चुकत नाही.

लयीचे आकडे हवे असतील तर आमचे देते. पावान मिनिटाला 62 ते 66 ठोके, गायार्द 92 ते 98. पण हे आमच्या आठ माणसांचे पाय आहेत. तुमचे आकडे काढायची रीत अशी: सर्वांत उंच उडी मारणाऱ्याला वाद्यांशिवाय गायार्द नाचायला सांगा आणि मोजा. जो उंच उडतो तो हवेत जास्त वेळ असतो. त्याच्या लयीपेक्षा वेगाने वाजवलंत तर त्याला उडी चोरावी लागते.

जमीन, बूट, कपडे

हा भाग मी दुखावलेल्या मनाने लिहिते. एका शहरातल्या उन्हाळी उत्सवात आम्हाला वाड्याच्या अंगणात लाकडी मंच मिळणार असं ठरलं होतं. गेलो तर मंच नव्हता. दगडी फरशी, गोटे बसवलेली, तासाभरापूर्वी पाऊस पडून गेलेला. प्रेक्षक बसलेले होते. आयोजक म्हणाले, जमेल तेवढं करा. आम्ही पावान केली, ती छान झाली, आणि त्या भरात गायार्दही केली. दुसऱ्या आवर्तनाच्या उडीवर आमच्या एका मुलीचा पाय दोन दगडांच्या मधे उतरला. गुडघा पिळवटला, सहा आठवडे ती काठी घेऊन चालत होती. 'नको' म्हणायचं काम माझं होतं, कारण ठोका माझ्या हातात होता. तेव्हापासून आमच्या करारात एक ओळ असते: सपाट, कोरडी, लाकडी जमीन नसेल तर उड्यांचे नाच होणार नाहीत. आणि तो निर्णय वादकाने घ्यायचा, नाचणाऱ्याने नाही, कारण नाचणारा उत्साहात असतो.

बूट सपाट, टाच नसलेले, तळ मऊ चामड्याचा. गुळगुळीत तळ असेल तर त्यावर खरखरीत स्वेडचा तुकडा चिकटवून घ्या. बायकांचे घागरे पुढून जमिनीपासून चार बोटं वर. मागचा घोळ चालतो, पुढचा पायात येतो. आवळलेल्या चोळीत खांद्याच्या वर हात जात नाहीत, श्वास वरवरचा होतो. म्हणून रंगीत तालीम एक नाही, तीन करा, आणि लांब घागरा, बूट, टोपी हे तर दुसऱ्या महिन्यापासूनच अंगावर असू द्या. पोशाख भाड्याने आणणार असाल तर निदान हाताच्या बाह्या आधी घालून बघा. जोडीदाराचा हात कमरेच्या उंचीवर, उघड्या तळव्यावर तळवा ठेवून धरायचा असतो, आणि जड बाही तो हात पंधरा मिनिटांत थकवते.

वादक कुठे बसवायचे

जिथून पाय दिसतात तिथे. याला अपवाद नाही. सजावटीसाठी कुंड्या, झेंडे, मेजं ठेवतात ती वादकांच्या नजरेच्या रेषेतून हलवून घ्या. माइक शक्यतो नको: ध्वनिक्षेपकातून सूर एका दिशेने आणि पावलं दुसऱ्या दिशेने ऐकू आली की नाच आणि संगीत पुन्हा वेगळे होतात. शंभर माणसांच्या दालनाला चार रेकॉर्डर आणि एक ढोल पुरतात.

सुरुवात अशी करा: एक आवर्तन फक्त वाद्यांचं. त्यात जोड्या समोरासमोर नमस्कार करतात. पुढच्या जोडीतल्या पुरुषाने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली की ढोल घ्यायचा आणि पावलं सुरू. पावान किती वेळा वाजवायची ते आधी ठरवू नका. दालन लहान-मोठं असतं. पुढची जोडी फेरी पूर्ण करून ठरलेल्या जागी आली की ढोलवाल्याने काठी उंच धरायची, आणि त्या आवर्तनाच्या शेवटी सगळ्यांनी थांबायचं. ही खूण बाराव्या-पंधराव्या तालमीपर्यंत चुकत राहते, मग एक दिवस खुणेची गरजच उरत नाही.

आणि प्रेक्षकांना खरं सांगा. मिनिटभरात सांगता येतं: पावलं आणि चाल आर्बोच्या पुस्तकातली, चार आवाज सुसाटोचे, हातांच्या हालचाली आणि फेरीची आखणी आमची. यामुळे रस कमी होत नाही. उलट लोक जास्त बारकाईने पाहतात.

शेवटचा ब्रांल

ब्रांल म्हणजे हात धरून साखळीत किंवा वर्तुळात, डावीकडे सरकत जायचं. चार ठोके डावीकडे, चार उजवीकडे, पण उजवीकडची पावलं लहान, त्यामुळे वर्तुळ हळूहळू डावीकडे फिरत राहतं. ज्यांनी फ्रान्समधल्या ब्रेतान्य प्रांतात फेस्ट-नोझ नावाच्या मेळाव्यांत रात्रभर चालणारे साखळीनाच पाहिलेत, त्यांना याची चुलत भावंडं अजून जिवंत आहेत हे माहीत असेल. शक्य असेल तर एकदा तिथे जाऊन नाचून या. करंगळी-करंगळीत अडकवलेल्या दोनशे लोकांबरोबर सरकताना जे कळतं ते कोणत्याही पुस्तकात नाही.

प्रेक्षकांसाठी मी नेहमी धोबिणींचा ब्रांल निवडते. त्यात टाळ्या आहेत. पॅरिसला सीन नदीच्या काठी कपडे धोपटणाऱ्या बायकांसारखा आवाज करायचा, असं आर्बो म्हणतो. इथे लोक संगीत सभेसारख्या नाजूक टाळ्या वाजवतात, आणि मग मी त्यांना कृष्णेच्या घाटावर सकाळी ऐकलेला आवाज करून दाखवते: दोन्ही तळवे सपाट, पोकळी न ठेवता, कोपरापासून. एकदा तो आवाज दालनात घुमला की शिकवायचं फार उरत नाही. बायका कमरेवर हात ठेवून पुरुषांना बोट दाखवून रागावतात, मग पुरुष बायकांना, आणि तोपर्यंत कोणाचं पायाकडे लक्ष नसतं. म्हणजे आर्बोला जे हवं होतं ते आपोआप होतं.

वादकांनी इथे एक पथ्य पाळायचं. लोक चुकतील, उलटीकडे जातील, दोन वर्तुळं एकमेकांत शिरतील. लय थांबवायची नाही, वाढवायचीही नाही. पाच-सहा आवर्तनांत वर्तुळ स्वतः सावरतं. नंतर आमच्या जोड्या मधोमध येऊन नमस्कार करतात, आणि पाहुणेही त्यांचं बघून वाकतात. तेव्हा मी ढोल थांबवत नाही. वाकलेल्या सगळ्यांत जी म्हातारी बाई सर्वांत हळू उठते, ती सरळ उभी राहीपर्यंत एक लांब, दोन आखूड चालू ठेवते, आणि मग काठी खाली घेते.